११४७ क्रमांकाचे रक्त

दि. ६ फेब्रुवारी

चि. भिंगरी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझी मावशी तुला ज्या नावाने हाक मारी, तेच वर लिहिले आहे. माझ्या लेखणीतून ते अवघडल्यासारखे उतरले असेल, तर समजून घे. तिच्या माघारी ते नाव उच्चारणारे या घरात कोणी उरले नाही, आणि एखादे नाव वापराविना पडून राहावे हे मला पटत नाही.

दोन गोष्टी कळवायच्या आहेत. पहिली कार्यालयीन स्वरूपाची. तुमच्या प्रयोगशाळेतर्फे लोकांच्या रक्तातील धातूंची जी पाहणी चालू आहे, तीत चिठ्ठी टाकून निवडलेल्यांपैकी मी एक. माझा क्रमांक ११४७. गेल्या वर्षी मार्चमध्ये आमच्या घरून नमुना नेण्यात आला. आता 'नमुन्याबाबत शंका असल्याने पुन्हा रक्त द्यावे' असे पत्र आले आहे. मला ते शक्य नाही. कारण विचारू नये.

दुसरी गोष्ट शास्त्रीय कुतूहलाची आहे, असे मी लिहिणार होतो. ते खरे नाही, म्हणून लिहीत नाही. तुला ठाऊकच आहे की जुन्या बॅटऱ्यांतील शिसे वितळवण्याच्या कारखान्यात मी अठ्ठावीस वर्षे भट्टी विभागाचा पर्यवेक्षक होतो. कामाचा कोट कारखान्यातच उतरवावा आणि तेथील धुलाईतच द्यावा, असा नियम होता. तो नियम मी स्वतः लिहिला होता. परंतु त्या धुलाईतून कॉलर चुरगळून येई, आणि चुरगळलेल्या कॉलरीने मी कामगारांपुढे उभा राहू शकत नसे. म्हणून केवळ माझा कोट दर शनिवारी घरी येई. तुझी मावशी तो धूत असे. सोमवारी ती कॉलर अशी उभी राही की मुख्य अभियंत्यांनीही एकदा चौकशी केली होती.

वाचनालयातल्या एका ग्रंथात मी वाचले की शिसे अंगात गेल्याने रक्तदाब वाढतो. तुझी मावशी मेंदूत रक्तस्राव होऊन गेली, त्याला आठ महिने झाले. कोटावरची ती धूळ तिच्या रक्तात गेली असेल का? हे माझ्या हातून झाले का, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे. कृपया माझी समजूत घालू नकोस. त्या कामाला शेजारी आहेत.

प्रकृती बरी आहे. भाजीत मीठ हल्ली दोनदा पडते, कारण पहिल्यांदा घातल्याचे मला आठवत नाही.

तुझा,
काका


दि. १४ फेब्रुवारी

ती. काकांना,
नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकदा घरी, एकदा प्रयोगशाळेच्या पायरीवर बसून, कारण आत कागद नेता येत नाही. तुम्हाला आमचं दार आवडेल. तुमच्यासारखीच शिस्त आहे त्याला! चपला बाहेर, अंगठ्या बाहेर. पावडर लावून आलेल्या मुलीला मी तोंड धुवायला परत धाडते, कारण तिच्या गालावरचं जस्त माझ्या नळीत उतरतं. रक्त काढताना पहिली नळी फेकून द्यायची, तिच्यात सुईचं पोलाद उतरलेलं असतं. धातू इतके थोडे मोजायचे असतात, की सगळं जगच आम्हाला मळलेलं दिसतं.

तीन हजार दोनशे माणसं मोजली काका, पण एकासारखं दुसऱ्याचं नाही. सिगारेट ओढणाऱ्याचं कॅडमियम वर जातं, रोज मासे खाणाऱ्याचा पारा. बायकांमध्ये मँगनीज आणि तांबं जास्त, पुरुषांमध्ये शिसं जास्त. रक्तासारखं चुगलखोर दुसरं काही नाही. आणि 'नॉर्मल' म्हणून जे लिहून देतात ना, ते काही देवाने आखलेलं नाही. शंभर धडधाकट माणसांतली पंच्याण्णव जिथे मावतात, ती पट्टी. बस्स.

आता तुमचा प्रश्न. समजूत घालत नाही, खरंच सांगते. कपड्यांवरून धूळ घरी येते आणि घरच्यांच्या रक्तात जाते, हे खरं आहे. पण एक आनंदाची गोष्ट ऐका. आमच्याकडे नळीवर फक्त क्रमांक असतो, माणसाचं नाव दुसऱ्या कचेरीत. ११४७ कोण, हे मला ठाऊक नव्हतं, तुम्हीच कळवलंत. मी पाहिलं. तुमचं शिसं फक्त ४.१! भट्टीपाशी अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसाचं याच्या दुप्पट-तिप्पट निघालं असतं तरी मला नवल वाटलं नसतं. मँगनीज आणि तांबं तर अगदी बायकांसारखं. आमचे साहेब म्हणाले, नळ्यांची अदलाबदल झाली असणार. म्हणून ते पत्र.

मी म्हणते, अदलाबदल कशाला? आमचे काका आहेतच जगावेगळे. आणि तुमच्यातच एवढं थोडं, तर कोटावरून मावशीपर्यंत पोचून पोचून किती पोचणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तेव्हा मन हलकं करा आणि एकदा येऊन रक्त देऊन जा. सुईला भिता, हे मावशीने मला कधीच सांगून टाकलंय. मी हात धरीन.

तुमची,
भिंगरी

ता. क. मीठ घातलं की डबा पालथा ठेवा.


दि. १७ फेब्रुवारी

चि. भिंगरी हिस,
आशीर्वाद.

आडात आहे की नाही हे तुला अद्याप ठाऊक नाही, कारण तू ज्या आडात डोकावलीस तो माझा नव्हता.

गेल्या मार्चमध्ये तुमच्याकडची एक मुलगी सकाळी नऊच्या सुमारास आली. संमतिपत्रावर मी आधीच सही केली होती. तिने टेबलावर कापूस, रबरी पट्टा आणि सुई मांडली, तेवढ्यात मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मागे सरकलो होतो. तिला पुढची अकरा घरे करायची होती. तिने हातातल्या यादीवरून विचारले, "अकराशे सत्तेचाळीस कोण?"

"मीच," तुझी मावशी म्हणाली, आणि खुर्चीत बसून तिने बाही वर केली.

मी मुलीला म्हणालो, "अहो, पण..."

"तुम्ही गप्प बसा. मागच्या वेळी दंतवैद्याकडे पडलात तेव्हा चौघांनी उचलून आणलं होतं. रक्त काय, लालच असतं. लिहा हो नंबर."

मुलीने नळीवर क्रमांक लिहिला. आयुष्यात खोट्या कागदावर माझी सही असलेला हा एकच प्रसंग. तीन महिन्यांनी तुझी मावशी गेली. निकालाचे पाकीट माझ्या नावे आले, ते मी उघडले नाही. आत तिचे रक्त होते.

म्हणून आता तुझे पत्र मला निराळे वाचावे लागते. ४.१ हे अठ्ठावीस वर्षे भट्टीपाशी उभ्या राहिलेल्या पुरुषाचे नसून, पासष्ट वर्षांच्या, कारखान्याची पायरीही न चढलेल्या स्त्रीचे आहे. अशा स्त्रियांमध्ये हा आकडा कोठे बसतो ते कळव. आणि नोंद दुरुस्त करण्यासाठी काय लिहून द्यावे लागेल, तेही कळव.

हे दोघांतच राहावे अशी इच्छा आहे.

तुझा,
काका


दि. ९ मार्च

ती. काकांना,
नमस्कार.

तीन आठवडे उत्तर दिलं नाही, रागावला असाल. काय करू, ११४७ची उरलेली नळी शीतपेटीत आहे, हे मला आठवलं. मी ती काढून हातात धरली आणि परत ठेवली. दुसऱ्या दिवशी परत काढली. तिसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, काय हरवलंय का?

आता आकडा. साठ ते एकोणसत्तरच्या चारशे बारा बायका आमच्याकडे आहेत. निम्म्या जणी २.२च्या खाली. मावशीचा ४.१ म्हणजे शंभरात अठ्ठ्याऐंशी जणींच्या वर. पट्टीच्या आत आहे, पण वरच्या टोकाला. तिच्याहीवर ज्या बारा टक्के बायका आहेत, त्यांचे अर्ज मी एकेक करून वाचले. एक कुंभारकाम करते. काहींच्या घरचे नळ जुने आहेत. आणि बऱ्याच जणींचं काहीच कारण सापडत नाही. शिसं हाडात जाऊन बसतं आणि उतारवयात हाडं झिजली की थोडं थोडं परत रक्तात येतं. ते कुठून आलं, हे रक्त सांगत नाही. त्याने मावशीचा रक्तदाब वाढला का, हेही सांगता येत नाही. हजारो माणसांत ते दिसतं. एका माणसात दाखवता येत नाही. यापुढे मी गेले तर ती समजूत घालणं होईल.

नोंदीचं असं: चिठ्ठीत निघालात तुम्ही, म्हणून मावशीचा नमुना मोजणीत धरता येणार नाही. सोबतच्या कागदावर सही केलीत की तो वगळला जाईल. ११४७ला तुमचंच रक्त लागेल. नाही दिलंत तर जागा रिकामी राहील. घाई करा असं मी म्हणणार नाही. तो कागद पाकिटात घालायला मलाच चार दिवस लागले.

आणि माझ्या हातून एक गुन्हा झाला. दोघांतच ठेवायचं होतं, ते आईला सांगितलं. तिच्या सख्ख्या बहिणीचं रक्त; मला पेलवलं नाही. तुमच्या कोटाचं सांगितलं, तर ती भाजी निवडता निवडता थांबली.

"कोट? भाऊजींचा कोट ताई धुवायची? कुणी सांगितलं?"

"काकांनीच. दर शनिवारी."

"अगं, तिला साधा रुमाल पिळता यायचा नाही, मनगट मुरगळलेलं होतं तिचं लग्नाआधीपासून. मागच्या गल्लीत एक धुणेवाली होती. भाऊजी शनिवारी दुपारी झोपले की कोट तिच्याकडे. रविवारी ते फिरायला गेले की परत. खळ घालायची ती कॉलर त्या बाईचीच! ताई म्हणायची, 'एवढं कौतुक करतात, आता कोणत्या तोंडानं सांगू?' अठ्ठावीस वर्षं सांगितलं नाही बघ."

आणि आई हसत सुटली, आणि मग तिला आवरेना.

काका, कोट मावशीने धुतलेला नाही. हे मी शोधून काढलेलं नाही, हे झालेलंच आहे. निदान याने तरी तुम्हाला झोप लागावी.

तुमची,
भिंगरी


दि. १२ मार्च

चि. भिंगरी हिस,
आशीर्वाद.

सही केलेला कागद सोबत आहे. आईला सांगितल्याबद्दल राग नाही.

तुझे पत्र वाचून झाल्यावर मी बराच वेळ हसलो. घरात कोणी नसताना हसणे बरे दिसत नाही, म्हणून खिडकी लावून घेतली. अठ्ठावीस वर्षे जेवताना मी त्या कॉलरीची स्तुती करत आलो आणि ती मान खाली घालून "पुरे आता" म्हणत आली. मी त्याला विनय समजत होतो.

सुटका झाली असे वाटले. ती भावना एक पेला पाणी पिऊन होईपर्यंत टिकली. मग लक्षात आले की धूळ नाहीशी झालेली नाही. तिचे केवळ घर बदलले. मी माझ्या पत्नीवर अन्याय केला नसेल, तर तो अशा एका बाईवर केला जिचे अस्तित्वही मला ठाऊक नव्हते, आणि जी तुमच्या चिठ्ठीतही निघालेली नाही.

ती हयात आहे का, कोठे राहते, हे आईला विचारून कळव. पाहणीबाहेरच्या व्यक्तीचे रक्त तुमच्याकडे तपासता येते का, तेही कळव.

तुझा,
काका


दि. १६ मार्च

ती. काकांना,
नमस्कार.

हयात आहे. मागची गल्ली, पिठाच्या गिरणीला लागून, निळं दार. आता इस्त्रीचं दुकान आहे. मुलगी चालवते, आई बसून असते. माझ्या आईचा निरोप: "भाऊजींना म्हणावं, भाषण लिहून नेऊ नका."

रक्त तपासता येईल, साहेबांशी बोलले आहे. जास्त निघालंच तर वरच्या मजल्यावर डॉक्टर आहेत, पुढचं ते बघतील. पण काका, ती नाही म्हणाली तर नाही. कुणाचं रक्त हा आपल्या मनाच्या शांतीसाठी मागून घ्यायचा जिन्नस नाही. तुमच्यावर नाही, स्वतःवर चिडून लिहितेय हे. मीही ती नळी तीनदा बाहेर काढलीच की.

तुमची,
भिंगरी


दि. ५ एप्रिल

चि. भिंगरी हिस,
अनेक आशीर्वाद.

आईच्या सूचनेचे पालन मला करता आले नाही. मी भाषण लिहून नेले होते. दुकानात उभा राहून पहिला परिच्छेद वाचला. ती बाई स्टुलावर बसून बटणे लावत होती. सत्तरीची असेल. मध्येच म्हणाली, "म्हणजे तुम्ही त्या कोटाचे साहेब! बसा आधी. उभ्यानं माफी मागतात होय?"

मी बसलो आणि कागद न पाहता सगळे सांगितले. शिशाची धूळ, रक्त, हाडे, तुमची पाहणी. नाही म्हणण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे, हेही सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, "तुम्ही दिलं का रक्त?"

मी खरे ते सांगितले.

"मग आधी तुमची सुई, नंतर माझी," ती म्हणाली. "वा! बायकांनीच हात पुढे करायचे का दर वेळी?"

आम्ही दोघे तुमच्या प्रयोगशाळेत आलो त्या सकाळी तू गावाला गेली होतीस, ते बरेच झाले. मी मूर्च्छित झालो नाही, हे तुमच्याकडची मुलगी सांगेलच. किंचित झालो, हे कदाचित सांगणार नाही. मी तिला विनंती केली आहे. शुद्धीवर आलो तेव्हा धुणेवाली माझ्या तोंडावर कागदाने वारा घालत होती. पंधरा मिनिटे उठायचे नाही असे आम्हां दोघांनाही बजावले होते. त्या बाकावर तिने जे सांगितले, ते मी तिच्याच शब्दांत लिहितो.

"कोट मी धुवायचे, पण झटकायच्या त्याच. मला हात लावू द्यायच्या नाहीत. माझी पोर तेव्हा अंगावर पीत होती ना. म्हणायच्या, तू लांब हो, ही धूळ वाईट, ह्यांनीच लिहिलंय कारखान्यात. वाऱ्याकडे पाठ करून झटकायच्या, मग स्वतःच्या हातानं बादलीत बुडवायच्या. पुरता भिजला की मग मला हाक. पोर मोठी झाली, शाळेत गेली, तरी तेच. मी एकदा म्हटलं, ताई, त्यांनाच सांगा की कोट आणू नका म्हणून. तर हसल्या. 'सांगितलं तर आणणार नाहीत गं. पण मग आठवडाभर चुरगळल्या कॉलरीनं उभे राहतील, आणि घरी येऊन घासभरही खाणार नाहीत. पाच मिनिटांचं तर काम आहे माझं.' तुमचं लई होतं त्यांना."

पंधरा मिनिटे संपल्यावरही आम्ही बसून होतो. मुलीला वाटले आम्हाला अजून चक्कर येत आहे.

दोन्ही निकाल काल आले. माझे शिसे ८.७, पुरुषांच्या तक्त्यात मला अगदी उजव्या टोकाला बसवावे लागेल. ११४७च्या रकान्यात आता खरा माणूस आहे. धुणेवालीचे १.९.

तू म्हणशील, काका, एका आकड्याने काही सिद्ध होत नाही. दोन बायकांच्या रक्तातील फरकाला शंभर कारणे असू शकतात. मला ते मान्य आहे. तू मला हे इतके नीट शिकवले आहेस की मी ते दुसऱ्या कोणाला समजावू शकेन. तरीही मी पहिल्या पत्रात विचारलेला प्रश्न आता मागे घेतो. कोट माझा होता. धूळ तिने घेतली. नकळत नव्हे, दर शनिवारी बाजूला उभे राहून विचार करून घेतली. याबद्दल मला कोणी क्षमा करू शकत नाही, आणि मला वाटते तिला क्षमा हा शब्दच येथे आवडला नसता. ती "पुरे आता" म्हणाली असती.

आज सकाळी निकालाचा कागद घेऊन मी निळ्या दारी गेलो. आकडा वाचून दाखवला.

"म्हणजे चांगलं की वाईट?" तिने विचारले.

"चांगले. निम्म्याहून अधिक बायकांचे तुमच्यापेक्षा जास्त असते."

"मग असं तोंड करून काय सांगताय, साहेब?" तिने कागद घेतला आणि आत हाक मारली, "अगं ए, ये बाहेर. बघ, तुझ्या आईचं रक्त पास झालं."

मुलगी हातातली इस्त्री उभी करून बाहेर आली. तेव्हा अंगावर पिणारी ती पोर आता तिशी ओलांडलेली, उंच, खणखणीत आवाजाची. तिने कागद वाचला, आईला चिडवले, मला चहा विचारला. तिच्याकडे मी किती तरी वेळ पाहत राहिलो. असे टक लावून पाहणे मी एरवी असभ्य समजतो.

तुझा,
काका